आल्फाँस लाव्हराँ

हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो, असा पूर्वी समज असे. अल्जीरियातील लष्करी रुग्णालयात आल्फाँस लाव्हराँ हे फ्रेंच डॉक्टर तापाने फणफणलेल्या सैनिकांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपाशीत. ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका वाटोळ्या कणाभोवती बारीक तंतू चाबकासारखे वळवळताना त्यांनी पाहिले. तो कण जिवंत होता! डबक्यातील पॅरामेशियमचा दूरचा आप्त असा तो एकपेशीय आदिजीव. रोगाचे मूळ जीवाणूंतच शोधणाऱ्या पंडितांना हे पटेना. लाव्हराँ मात्र चिकाटीने पुरावे जमवीत राहिले. १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रयोगशाळेसाठी दिली. १९२२ साली ते निवर्तले. या आदिजीवाच्या अंगात हरितलवकाचा रंगहीन अवशेष आहे, म्हणजे त्याचे पूर्वज सूर्यप्रकाशात अन्न तयार करीत, हे पुढे कित्येक वर्षांनी उमगले.