सुयांच्या रुग्णालयावर कोटणीसांचे नाव

डोक्याची वा चेहऱ्याची नस ठणकू लागली की गोळ्यांना कंटाळलेले रुग्ण अॅक्युपंक्चरकडे वळतात. गोरेगावपासून लुधियान्यापर्यंत हे चित्र सारखेच आहे. लुधियान्यातील या उपचारांच्या रुग्णालयाला तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आहे. कोटणीसांची ओळख मात्र शल्यचिकित्सकाची. त्यांच्या हाती सुई नव्हे, शस्त्र होते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात झाले. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनने मदत मागितली, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. तिघे यथावकाश परतले. बसू आणि कोटणीस मागे राहिले.

उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर औषधांची कायम चणचण होती. जखमींची रीघ मात्र थांबत नसे. १९४० मधील एका मोहिमेत कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव इन्हुआ ठेवले, त्यात भारत आणि चीन दोन्ही आले.

या डॉक्टरांचे स्वतःचे दुखणे डोक्यातच होते. अपस्माराचे झटके येत असतानाही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, याच आजाराने त्यांचे निधन झाले. मूल तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते.

सुयांचा धागा जुळला तो डॉ. बी. के. बसू यांच्यामुळे. ते १९४३ मध्ये मायदेशी परतले, पुढे चीनमध्ये जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. दिवंगत सहकाऱ्याच्या नावाच्या स्मृती समितीमार्फत त्यांनी ते देशभर नेले.

सुई आणि शस्त्र यांचा मेळ चीनमध्ये १९७० च्या दशकात घातला गेला. टोकाला बारीक पाते असलेली ही सुई डोक्याच्या मागील नसांच्या कळेवरही वापरतात. तिच्यावरील बहुतेक संशोधन मात्र चीनमध्येच झालेले आहे. चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर डॉक्टरांचा पहिला उपाय आजही गोळ्यांचाच असतो. भारतात अॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून केंद्र सरकारची मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये, बसूंनी पहिली सुई टोचल्यानंतर तब्बल ६० वर्षांनी.