राजारामबापू पाटील

राजारामबापू पाटील (१ ऑगस्ट, १९२० - १७ जानेवारी, १९८४) हे महाराष्ट्रातील सहकार चळवळीचे नेते व राज्याचे महसूलमंत्री होते. त्यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात कासेगाव येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी इस्लामपूर येथे वकिली केली. १९६२ साली ते विधानसभेवर निवडून आले. राजकीय नेते जयंत पाटील हे त्यांचे पुत्र होत.

सहकार व पाणी

इस्लामपूरजवळील साखराळे येथे त्यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वारणा नदीवरील धरण खुजगाव येथे व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात ते चांदोली येथे बांधले गेले.

ऊसशेती व नत्रचक्र

पाणी व हमखास गिऱ्हाईक मिळाल्याने तालुक्यात ऊस वाढला आणि शेतकऱ्यांना स्थैर्य लाभले. मात्र जमिनीतील नत्रचक्रही बदलले. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. उसाला ते प्रामुख्याने युरियातून द्यावे लागते. आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. पिकाने न घेतलेल्या नत्राचा काही भाग नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर भूजलात उतरतो. निचरा नसलेल्या जमिनीत जिवाणू नायट्रेटचे विघटन करतात व नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू बाहेर पडतो. अतिसिंचनामुळे कृष्णाकाठच्या अनेक जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या आहेत. त्यामुळे ठिबक सिंचन, हिरवळीची खते, निचरा व माती परीक्षणानुसार खतांच्या मात्रा यांना या भागात महत्त्व आले आहे.