माणसांचे आणि वाघांचेही कॉर्बेटसाहेब



गेल्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यातली शेळी बिबट्याने नेली. मला फार राग आला. सगळे बिबटे मारूनच टाकावेत, असं मी म्हणालो. तेव्हा गुरुजींनी मला जिम कॉर्बेट यांची माहिती सांगितली. तीच मी इथे लिहीत आहे.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर होते. ते लवकर वारले. जिम जवळच्या कालाढुंगीच्या रानात वाढले. पुढे बिहारात मोकामा घाटावर त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ रेल्वेची नोकरी केली.

त्या काळी चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली होती. पाली गावातले लोक पाच दिवस घराबाहेर पडले नव्हते. गहू शेतात उभा होता. कॉर्बेट बंदूक घेऊन पहाऱ्याला उभे राहिले, मग लोकांनी गहू कापला. या कामासाठी लावलेलं बक्षीस सरकारने आधी रद्द करावं, अशी त्यांची अटच होती. १९०७ साली त्यांनी ती वाघीण मारली. पाहतात तर काय, जुन्या गोळीने तिचे सुळे तुटलेले होते! शिकार जमेना, म्हणून बिचारी माणसांवर आली होती. म्हणजे मूळ चूक माणसाचीच.

तरुणपणी हौसेने शिकार करणाऱ्या कॉर्बेटनी पुढे बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी वसवलं. रानडुकरं, हरणं पिकात शिरू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत बांधली. पीक वाचलं, की शेतकऱ्याचं जनावरांशी भांडण उरत नाही. लोक त्यांना प्रेमाने कार्पेटसाहेब म्हणत.

१९३६ साली तिथल्या जंगलात भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्यासाठी कॉर्बेट खूप झटले. १९४७ साली ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. पुढे त्या उद्यानाला त्यांचंच नाव दिलं गेलं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली.

मित्रांनो, आधी लोकांचा जीव आणि पीक राखलं, म्हणून लोकांनी त्यांचा शब्द मानला. नुसत्या हुकमाने जंगल राखता येत नाही, हे मला त्यातून कळलं.

शेळीचं दुःख मला अजून आहे. पण बाबांनी आता गोठ्याला पक्कं दार बसवलं आहे. रात्री कडी लावायचं काम माझ्याकडे आहे.

– इयत्ता सातवी