विश्लेषण : हेलन केलरच्या शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन नेमके काय शिकवत होत्या?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जिल्हा परिषद शाळांत दिव्यांग मुलांसाठी येणाऱ्या विशेष शिक्षकाला स्वतःचा वर्ग नसतो. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत आणि जे मूल घराबाहेर पडूच शकत नाही त्याच्या घरी, अशी त्यांची फिरती असते. राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. पण हे शिक्षक घरी येऊन करतात तरी काय, अशी शंका अनेक पालकांच्या मनात असते. अमेरिकेतील अ‍ॅन सुलिव्हन (१८६६-१९३६) यांच्या आयुष्यात त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

सुलिव्हन कोण होत्या?

आयर्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये आलेल्या गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षाच्या सुमारास खुपऱ्यांनी डोळे अधू झाले. आठव्या वर्षी आई क्षयाने गेली, पुढे वडिलांनीही हात झटकले. १८७६ मध्ये अ‍ॅन आणि धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरीच्या निराधारगृहात झाली. जिमी काही महिन्यांतच दगावला. एकदा पाहणीसाठी अधिकारी आले तेव्हा या मुलीने त्यांच्यापुढे जाऊन शाळेत पाठवण्याची विनवणी केली. १८८० मध्ये ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली तेव्हा वय चौदा आणि स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. तिथे शस्त्रक्रियांनंतर तिला थोडेफार दिसू लागले. १८८६ मध्ये ती वर्गात पहिली आली. अंध आणि बधिर असलेल्या लॉरा ब्रिजमन याच संस्थेत राहत. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून अ‍ॅनने तळहातावर बोटांनी अक्षरे काढण्याची लिपी शिकून घेतली होती. पुढे तीच तिच्या कामी आली.

हेलनच्या घरी काय घडले?

३ मार्च १८८७ रोजी सुलिव्हन अलाबामातील टस्कम्बिया येथे पोहोचल्या. वय अवघे वीस. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. दीड वर्षाची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली होती. घरच्यांनी दयेपोटी तिचे सगळे हट्ट पुरवले होते. जेवताना ती कुणाच्याही ताटात हात घाली आणि कुणी अडवत नसे. सुलिव्हन यांनी अडवले आणि घरात रणकंदन झाले. आई-वडील समोर असेपर्यंत काही साधणार नाही हे ओळखून त्यांनी हेलनला जवळच्याच छोट्या घरात सुमारे दोन आठवडे आपल्यापाशी ठेवले. ही परवानगी मिळवणे हेच बहुधा त्यांचे सर्वांत अवघड काम असावे. घरच्यांची माया आवरायला सांगणे आजच्या शिक्षकांनाही जड जाते.

बाहुली हातात दिली की तळहातावर बाहुलीची अक्षरे, असे पहिल्या दिवसापासून सुरू होते. हेलन बोटांची नक्कल करी, पण प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला उमगले नव्हते. ५ एप्रिलला हापशाखाली एका हातावर पाणी पडत असताना दुसऱ्या हातावर पाण्याची अक्षरे उमटली आणि ते उमगले. नाटक-सिनेमांत हाच प्रसंग गाजला.

शिक्षकांच्या कामाचा भाग मात्र त्यानंतरचा आहे. सुलिव्हन यांनी हेलनच्या नात्यातील एका तान्ह्या मुलाचे निरीक्षण केले. त्याला कुणी धडे देत नाही, सगळे जण त्याच्याशी बोलत राहतात; बोलण्याआधी त्याला बरेच कळू लागते. मग त्यांनी ठरावीक वेळेचे पाठ बंद केले. अंगणात, झाडाखाली, जेवताना, जे घडेल ते पूर्ण वाक्यांत हेलनच्या हातावर उतरू लागले. तिने उलट काही बोलावे याची त्यांनी घाई केली नाही.

१९०० ते १९०४ या काळात हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकल्या. सुलिव्हन शेजारी बसून व्याख्याने हातावर उतरवत आणि अधू डोळ्यांनी पुस्तके वाचून सांगत. पदवी एकटीला मिळाली. अखेरच्या काळात सुलिव्हन यांची दृष्टी पूर्ण गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

इथे ते जमेल का?

किनवटच्या तांड्यावर किंवा जळकोटच्या वाडीत घरी जाणारा विशेष शिक्षक हेच करू पाहतो : ताट, तांब्या, आंघोळ, अंगणातली शेळी यांतून शिकवायचे आणि ते घरच्यांनाही शिकवायचे, कारण तो गेल्यावर मूल त्यांच्यापाशीच असते. अडचण वेळेची आहे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांतल्या कोणत्याही प्रकारचे मूल एकाच शिक्षकाच्या वाट्याला येऊ शकते, आणि केंद्रातल्या शाळाही अनेक. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले. सुलिव्हन यांच्याकडे एकच मूल होते आणि दिवसाचे सगळे तास.