आचार्य प्रफुल्लचंद्र राय : पूरग्रस्तांसाठी प्रयोगशाळेबाहेर पडलेले शास्त्रज्ञ

भारतातील आधुनिक रसायनशास्त्राचे एक जनक म्हणून आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र वयाची साठी ओलांडल्यावर त्यांनी दुष्काळग्रस्त आणि पूरग्रस्तांसाठी उभे केलेले मदतकार्य बंगालबाहेर फारसे परिचित नाही. नैसर्गिक आपत्तीत समाजाने स्वतःच्या बळावर कसे उभे राहावे, याचा वस्तुपाठ या कार्याने घालून दिला.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशातील खुलना जिल्ह्यात आहे. एडिनबरा विद्यापीठातून १८८७ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करू लागले. १८९२ मध्ये अवघ्या सातशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी बेंगॉल केमिकल या औषधनिर्मिती उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली. १९१६ पासून ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक होते.

ते आजन्म अविवाहित राहिले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह होता. गोखले यांनीच कलकत्त्यात महात्मा गांधींशी त्यांचा परिचय करून दिला. आठशे रुपये मासिक वेतनातील केवळ चाळीस रुपये स्वतःसाठी ठेवून उरलेली रक्कम प्रफुल्लचंद्र सार्वजनिक कार्यास देत असत, अशी नोंद गांधीजींनी आत्मचरित्रात केली आहे. या निरिच्छ वृत्तीमुळे जनतेचा त्यांच्यावर जो विश्वास बसला, तीच पुढे त्यांच्या मदतकार्याची खरी पुंजी ठरली.

१९२१ मध्ये पीक बुडाल्याने खुलना जिल्ह्यात दुष्काळ पडला. सरकारी अधिकारी मात्र दुष्काळ मान्य करण्यास तयार नव्हते. आपल्याच जिल्ह्यातील लोकांची उपासमार पाहून प्रफुल्लचंद्रांनी जनतेला मदतीचे आवाहन केले व निधी उभारला. साठ वर्षांच्या या प्राध्यापकाच्या आयुष्यातील मदतकार्याचे पर्व येथून सुरू झाले.

पुढच्याच वर्षी अधिक मोठे संकट कोसळले. सप्टेंबर १९२२ च्या अखेरीस उत्तर बंगालमध्ये अतिवृष्टी झाली. राजशाही, बोगुडा आणि पाबना जिल्ह्यांतील विस्तीर्ण प्रदेश पाण्याखाली गेला. मातीची घरे ढासळली, गुरे वाहून गेली, उभे भातपीक नष्ट झाले. कलकत्त्यात बेंगॉल रिलीफ कमिटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद प्रफुल्लचंद्रांकडे आले.

विज्ञान महाविद्यालयाची वास्तू पाहता पाहता मदतकार्याचे मुख्य केंद्र बनली. तेथे धान्य व कपड्यांचे ढीग जमू लागले. विद्यार्थी आणि प्राध्यापक त्यांची वर्गवारी करून गासड्या बांधत, देणग्यांचा हिशेब ठेवत. बेंगॉल केमिकलचे सतीशचंद्र दासगुप्त यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी या कार्याला उद्योगातील शिस्त आणली. तरुण शास्त्रज्ञ मेघनाद साहा हेही सहभागी झाले. प्रत्यक्ष पूरग्रस्त भागात सांताहार येथील केंद्राची जबाबदारी पंचवीस वर्षांच्या सुभाषचंद्र बोस यांनी सांभाळली.

अन्नवस्त्राचे वाटप झाले म्हणजे कर्तव्य संपले, असे समितीने मानले नाही. पाणी ओसरल्यावर घरे पुन्हा उभारण्यास साहाय्य देण्यात आले. आत्राई परिसरात चरखा व विणकामाची केंद्रे सुरू झाली. वर्षातून एकाच पिकावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला हाताशी एखादा जोडधंदा असावा, म्हणजे पुढील आपत्तीत त्याला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, हा त्यामागील विचार होता. चरख्याविषयी आरंभी साशंक असलेले प्रफुल्लचंद्र या अनुभवांतून खादीचे खंदे प्रचारक झाले.

आपत्तीच्या कारणांकडेही त्यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. रेल्वेमार्गाच्या उंच भरावांमुळे आणि त्याखालील अपुऱ्या मोऱ्यांमुळे पावसाचे पाणी अडून राहते, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १८७० ते १९२२ या काळातील पाऊस आणि पुरांच्या नोंदींचा अभ्यास केला. पाणी अडवून धरणारे खर्चिक जलाशय येथे उपयोगी पडणार नाहीत, पाण्याचा जलद निचरा होणे आवश्यक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१९३१ च्या पुरातही सत्तरीतील प्रफुल्लचंद्र पुन्हा मदतकार्यात उतरले. वयाच्या साठीनंतरचे आपले विद्यापीठातील वेतन त्यांनी रसायनशास्त्र विभागाच्या विकासासाठी अर्पण केले होते. विज्ञान महाविद्यालयातीलच एका साध्या खोलीत ते राहत. तेथेच १६ जून १९४४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

तातडीची मदत, चोख हिशेब, उपजीविकेची पुनर्बांधणी आणि आपत्तीच्या कारणांचा शोध ही त्यांच्या मदतकार्याची चतुःसूत्री होती. दरवर्षी पावसाळ्यात देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागात पूर येतो आणि मदतीचा ओघ सुरू होतो. पाणी ओसरल्यावरही पूरग्रस्तांची साथ न सोडणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाचे स्मरण त्या वेळी अवश्य व्हावे.