पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन

सृष्टीच्या भांडारांतील कोणतीहि वस्तु अक्षय्य नाहीं, ही गोष्ट मनुष्याला बहुधा भांडार रिकामें झाल्यावरच कळते. ज्या गृहस्थाचें चरित्र येथें दिलें आहे, त्यानें एक तुडुंब भरलेलें भांडार आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, तें लुटलें जातांना पाहिलें, आणि स्वतःहि त्या लुटींत थोडाबहुत वांटा घेतला. परंतु त्याच हातानें त्यानें त्या भांडाराचीं अशीं चित्रें काढून ठेविलीं कीं, मागील पिढ्यांनीं काय गमाविलें याची कल्पना आज तीं पाहूनच येते. जॉन जेम्स ऑडुबॉन हें त्याचें नांव.

ऑडुबॉनचा जन्म २६ एप्रिल १७८५ रोजीं वेस्ट इंडीजमधील सेंट डोमिंगो या फ्रेंच वसाहतींत झाला. त्या मुलखाला आज हैती म्हणतात. बाप फ्रेंच दर्यावर्दी असून उंसाच्या मळ्यांचा मालक होता. आई झान राबीन ही एक गरीब मोलकरीण होती. तिचें बापाशीं लग्न झालेलें नव्हतें, आणि मूल कांहीं महिन्यांचें असतांच ती वारली. पुढें बापानें मुलाला फ्रान्स देशांत नांत शहरीं नेलें. तेथें बापाची लग्नाची पत्नी ॲन हिनें या पोरक्या मुलाला पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें, आणि १७९४ सालीं पतिपत्नीनें त्यास रीतसर दत्तक घेतलें. शाळेंत त्याचें लक्ष बेताचेंच असे. रानांत भटकावें, घरटीं, अंडीं व पिसें गोळा करावीं, आणि पाखरांचीं चित्रें काढावीं, हाच त्याचा खरा अभ्यास होता.

नेपोलियनच्या सैन्यांत सक्तीची भरती होऊं लागली, तेव्हां १८०३ सालीं बापानें या अठरा वर्षांच्या मुलाला अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील आपल्या मिल ग्रोव्ह नांवाच्या शेतावर पाठवून दिलें. शेताची व्यवस्था बाजूला राहिली, आणि बंदूक, कुत्रा व कागद घेऊन तरुण ऑडुबॉन रानोमाळ हिंडूं लागला. मेलेला पक्षी टेबलावर ठेवून चित्र काढावें, तर तें चित्रहि मेलेलेंच दिसे, याचें त्याला फार वाईट वाटे. शेवटीं त्यास एक युक्ति सुचली. नुकताच मारलेला एक खंड्या घेऊन त्यानें तो तारांच्या साह्यानें एका फळीवर जिवंतपणींच्या ढंगांत उभा केला, फळीवर चौकटी आंखल्या, तशाच चौकटी कागदावर आंखल्या, आणि जितका पक्षी तितकेंच चित्र या मापानें तो काढूं लागला. पुढें जन्मभर त्यानें हीच रीति चालविली.

शेजारच्या बेकवेल नांवाच्या इंग्रज कुटुंबांतील ल्यूसी या सुशिक्षित मुलीशीं १८०८ सालीं त्याचा विवाह झाला. उभयतां पश्चिमेकडे केंटकी प्रांतांत गेलीं. प्रथम लुईव्हिल व मग हेंडरसन येथें त्यानें दुकान मांडलें. व्हिक्टर व जॉन असे दोन मुलगे झाले. दोन मुलीहि झाल्या, पण त्या तान्हेपणींच वारल्या. दुकानदारींत ऑडुबॉनचें मन रमत नसे. गल्ल्यापेक्षां आकाशाकडेच त्याचें लक्ष अधिक.

त्या आकाशांत त्या काळीं काय दिसे, याची आज कल्पनाहि करवत नाहीं. उत्तर अमेरिकेंत प्रवासी पारवा नांवाचा एक पक्षी असे. आपल्या ओळखीच्या पारव्याहून तो सडपातळ, शेपटी लांब व टोंकदार, आणि नराची छाती तांबूस असे. ओक व बीच वृक्षांचीं फळें जेथें पिकतील तेथें या पक्ष्यांचे प्रचंड थवे जात. १८१३ च्या शरदृतूंत ऑडुबॉन हेंडरसनहून लुईव्हिलला निघाला असतां त्याला असे थवे लागले. खालीं बसून प्रत्येक थव्यास एक टिंब अशी त्यानें मोजणी आरंभिली. एकवीस मिनिटांत १६३ टिंबें झालीं, तेव्हां मोजणें व्यर्थ म्हणून तो उठला. भर दुपारीं ग्रहण लागल्यासारखा अंधार पडला होता, आणि ही रांग तीन दिवस खंडली नाहीं. पुढें त्यानें हिशेब मांडला. एक मैल रुंदीचा थवा, तासाला साठ मैल वेग, उडण्याचा काळ तीन तास, आणि एका चौरस यार्डास दोन पक्षी असें धरिलें, तर एका थव्यांतच एकशें अकरा कोटींहून अधिक पारवे होतात!

या विपुलतेमुळें माणसें निष्ठुर झालीं होतीं. ग्रीन नदीच्या कांठीं पारव्यांची रात्रीं बसण्याची जागा होती. ती चाळीस मैलांहून लांब असून सुमारें तीन मैल रुंद होती. तेथें ऑडुबॉन सूर्यास्तापूर्वीं पोंचला, तेव्हां लोक बांबू, मशाली, बंदुका व गंधकाचीं मडकीं घेऊन अगोदरच जमले होते. दोन शेतकऱ्यांनीं तर पारव्यांच्या मांसावर पोसण्यासाठीं तीनशें डुकरें शंभर मैलांवरून हांकून आणिलीं होतीं. अंधार पडतांच पक्षी उतरूं लागले. त्यांच्या भारानें फांद्या कडाकड मोडून खालच्या पक्ष्यांचा चुराडा होई. गलका इतका मोठा कीं, शेजारीं उडालेल्या बंदुकीचा आवाजहि ऐकूं येत नसे. मारणारा पुन्हां बार भरूं लागला म्हणजेच ती उडाली असें समजावें. सकाळीं ज्याला जितके हवे तितके पक्षी त्यानें उचलले, आणि उरलेल्या ढिगांवर डुकरें सोडलीं.

पारधी लोकांची दुसरी एक रीत होती, ती याहून शांत पण अधिक कपटी होती. एक जिवंत पारवा धरून त्याच्या पापण्या दोऱ्यानें शिवीत, आणि त्याचे पाय एका काठीच्या टोंकावरील लहानशा बैठकीला बांधीत. वरून थवा जातांना दिसला म्हणजे झोंपडींत लपलेला पारधी दोरी ओढून ती काठी वर उचली आणि एकदम खालीं सोडी. आंधळा झालेला तो पारवा घाबरून पंख फडफडवी. वरच्या पक्ष्यांस वाटे कीं, आपला सोबती दाणे टिपावयास उतरत आहे. ते विश्वासानें खालीं येत, आणि जाळें त्यांच्यावर पडे. पेनसिल्व्हेनियांतील एका मनुष्यानें अशा झडपेच्या जाळ्यानें एका दिवसांत पांचशें डझनांहून अधिक पारवे पकडल्याचें ऑडुबॉननें लिहून ठेविलें आहे.

हें सर्व पाहूनहि ऑडुबॉनला त्या जातीच्या नाशाचें भय वाटलें नाहीं. जंगलें कमी झालीं तरच पारवे कमी होतील, नुसत्या शिकारीनें होणार नाहींत, असें त्याचें मत होतें. तो स्वतः अट्टल शिकारी होता. अभ्यासासाठीं, भोजनासाठीं आणि केवळ हौसेखातरहि त्यानें आयुष्यांत हजारों पक्षी मारले.

१८१९ सालीं त्याचा धंदा पार बुडाला. कर्जापायीं त्याला कांहीं काळ तुरुंगांतहि जावें लागलें. अंगावरील कपडे, बंदूक व चित्रें एवढेंच शिल्लक राहिलें. तेव्हां अमेरिकेंतील सर्व पक्ष्यांचीं चित्रें काढावयाचीं असा निश्चय करून १८२० सालीं तो होडींतून मिसिसिपी नदीनें दक्षिणेस निघाला. या निश्चयाचा खरा भार ल्यूसीनें उचलला. लुइझियाना प्रांतांत ती मुलांना शिकवून संसार चालवी आणि पैसे सांठवी. पति कित्येक महिने घरीं नसे. नातेवाईक त्याला निरुद्योगी म्हणत. तरी तिचा विश्वास ढळला नाहीं. १८२६ सालीं तो इंग्लंडला जाण्यास निघाला, तो तिच्याच कमाईच्या आधारावर.

इंग्लंडांत त्याच्या चित्रांचें मोठें कौतुक झालें. ‘अमेरिकेंतील पक्षी’ या ग्रंथाची छपाई १८२७ पासून १८३८ पर्यंत चालली. बहुतेक सर्व ठसे लंडनच्या रॉबर्ट हॅव्हेलनें खोदले, आणि प्रत्येक चित्र हातानें रंगविलें जाई. चित्रें ४३५, कागद सव्वातीन फूट उंच, आणि गरुडापासून गुंजन पक्ष्यापर्यंत प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचा. संपूर्ण ग्रंथाची किंमत सुमारें एक हजार डॉलर होती. मुलगा व्हिक्टर हिशेब व ग्राहक सांभाळी, जॉन बापाबरोबर शिकार करी व चित्रें काढी, आणि ल्यूसी हस्तलिखितें उतरून देई. अशा रीतीनें तें सबंध घरच एक कारखाना झालें. १८३० सालीं न्यूयॉर्कच्या बाजारांत ऑडुबॉननें सुमारें ३५० जिवंत प्रवासी पारवे विकत घेतले व त्यांपैकीं बहुतेक इंग्लंडला नेऊन तेथील सरदारांस वांटले. एका पारव्याची किंमत किती? केवळ चार सेंट!

१८३१ सालीं तो फ्लॉरिडाच्या दलदलींत व बेटांत शिरला. बरोबर दोन मदतनीस आणि न्यूफाउंडलंड जातीचा प्लेटो नांवाचा कुत्रा होता. गोळी लागून पाण्यांत पडलेला पक्षी पोहत जाऊन अलगद तोंडांत धरून आणावा, एक पीसहि चुरगळूं देऊं नये, हें त्याचें काम. चित्रकाराला अखंड पक्षी हवा असे. म्हणून या मुक्या सोबत्याचा त्या ग्रंथांत लहानसा कां होईना, पण वांटा आहे. याच बेटांत त्यानें पांढऱ्या टोपीचा पारवा आणि झेनैदा नांवाचा होला यांचीं चित्रें काढिलीं. या होल्याविषयीं त्याला एका माणसानें आपली हकीकत सांगितली होती. तो मनुष्य पूर्वी समुद्रावर लुटारूपणा करीत असे. वाळवंटांतील विहिरींवर हे होले पाणी पिण्यास येत. त्यांचें करुण घुमणें ऐकतां ऐकतां त्याचें काळीज विरघळलें, केल्या कर्मांचा पश्चात्ताप झाला, आणि सोबत्यांस सोडून तो आपल्या बायकामुलांकडे परत गेला.

ऑडुबॉनच्या मनावरहि हळूहळू परिणाम होत होता. १८३३ सालीं मुलगा जॉन व चार तरुण यांना घेऊन तो लाब्राडोरच्या थंड किनाऱ्यावर गेला. तेथें अंडीं चोरणाऱ्या टोळ्या बेटांमागून बेटें उजाड करीत होत्या. जुनीं अंडीं पायांखालीं तुडवावीं, आणि पक्ष्यांनीं पुन्हां घातलेलीं ताजीं अंडीं विकावयास न्यावीं, अशी त्यांची रीत. हें पाहून, असेंच चाललें तर कांहीं वर्षांत येथें पक्षी उरणार नाहींत, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. पारव्यांच्या बाबतींत न सुचलेला विचार त्याला या ओसाड बेटांवर सुचला.

उतारवयांत तो हडसन नदीकांठीं घर बांधून राहिला. दृष्टि गेली, मग स्मृतिहि गेली. २७ जानेवारी १८५१ रोजीं तो मरण पावला. चरित्र लिहितांना त्याचे दोष झांकणें योग्य होणार नाहीं. हेंडरसन येथें त्यानें माणसें गुलाम म्हणून बाळगलीं व विकलीं, आणि गुलामगिरी नष्ट करण्यास त्याचा विरोध होता. आपल्या साहसांच्या कांहीं गोष्टी तो वाढवूनहि सांगे. यामुळें अलीकडे त्याच्या नांवानें चालणाऱ्या कित्येक संस्थांनीं तें नांव टाकून दिलें. २०२३ सालीं मुख्य राष्ट्रीय संस्थेनें मात्र तें कायम ठेविलें.

आतां पारव्यांचें काय झालें तें सांगतों. रेल्वे व तारायंत्र आल्यावर थवा कोठें उतरला हें पारध्यांना तत्काळ कळूं लागलें, आणि मारलेले पक्षी पिंपांत भरून शहरोशहरीं जाऊं लागले. जंगलेंहि झपाट्यानें तुटलीं. प्रवासी पारव्याची मादी एका वेळीं एकच अंडें घालीत असे. इतक्या संहाराची भर तिच्यानें कशी निघावी? शेवटची पारवी मार्था ही सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत १ सप्टेंबर १९१४ रोजीं मेली. एका थव्यांत शंभर कोटींच्यावर असलेली ती जात, ऑडुबॉनच्या मोजणीनंतर एकशें एक वर्षांनीं, पृथ्वीवरून नाहींशी झाली.

परंतु या कथेला आणखी एक धागा आहे. पतीच्या मागें ल्यूसीला वृद्धपणीं पुन्हां दारिद्र्य आलें. १८६३ सालीं तिनें मूळ चित्रें न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक संस्थेला चार हजार डॉलरांस विकलीं, आणि ती शेजारच्या मुलांना शिकवीत राहिली. त्या मुलांत जॉर्ज बर्ड ग्रिनेल नांवाचा एक विद्यार्थी होता. त्यानेंच मोठेपणीं, १८८६ सालीं, पक्ष्यांच्या रक्षणासाठीं पहिली ऑडुबॉन सोसायटी स्थापिली. ती फार काळ टिकली नाहीं. पण १८९६ सालीं बॉस्टनच्या दोघी स्त्रियांनीं टोप्यांवर पिसें न घालण्याची चळवळ करून तें काम पुन्हां हातीं घेतलें, आणि पुढें पक्ष्यांच्या रक्षणाचे कायदे झाले. ते पारव्याला वांचवूं शकले नाहींत. बगळ्यांसारख्या इतर पुष्कळ पक्ष्यांना मात्र त्यांनीं वांचविलें.

विद्यार्थिमित्रहो, पतीच्या कुंचल्यानें जें दाखविलें, तें जपण्याची बुद्धि पत्नीच्या शाळेंतील एका मुलाला झाली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हाहि पारव्याच्याच कुळांतला आहे. तो वडा-पिंपळाच्या फळांवर थव्यानें उतरतो, आणि पानांच्या हिरव्या रंगांत मिसळून गेल्यामुळें सहसा दिसत नाहीं. एखाद्या सकाळीं आईवडिलांसह झाडाखालीं शांत उभे राहून तो शोधावा, दिसल्यास त्याचें चित्र काढावें, आणि थव्यांत किती पक्षी होते तें वहींत लिहून ठेवावें. पुढच्या वर्षीं त्याच झाडाखालीं पुन्हां मोजावे.