व्रतस्थ गोपालक : मणिभाई देसाई

सन १९२७ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी बंगळूरला मुक्काम असताना महात्मा गांधी येथील सरकारी दुग्धशाळेत जाऊन गोपालनाचे शास्त्रशुद्ध धडे घेत असत. गाय केवळ पूजेपुरती नसावी, ती पाळणाऱ्याला परवडलीही पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा महाराष्ट्रातील एका खेड्यात आयुष्यभर आचरून दाखविणारे त्यांचे शिष्य म्हणजे मणिभाई भीमभाई देसाई.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगला आणि पुढे सेवाग्रामची वाट धरली. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळील उरुळीकांचन येथे आले. तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. काही दिवसांनी गांधीजी निघून गेले. मणिभाई मात्र या गावासाठीच जगण्याचा शब्द देऊन तेथेच राहिले. भाषा परकी, मुलूख अनोळखी, गावात दारिद्र्य. अविवाहित राहून त्यांनी तो शब्द सत्तेचाळीस वर्षे पाळला.

गावातील मुलांसाठी त्यांनी विद्यालय उभारले, शेती सुधारली आणि आश्रमाच्या गोशाळेत सौराष्ट्राच्या गीर गाईंची जोपासना केली. परंतु आश्रमातील गाय दुधाळ झाली, तरी गावकऱ्याच्या दावणीची गाय दिवसाला लिटर-दोन लिटरच दूध देई आणि दीर्घकाळ भाकड राही. उत्तम वळू पाळणे गरिबाच्या आवाक्याबाहेरचे होते. गाय सुधारायची तर सुधारणा गोठ्यापर्यंत गेली पाहिजे, हे मणिभाईंनी ओळखले.

यातूनच १९६७ मध्ये भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच ‘बाएफ’, ही संस्था जन्मास आली. जर्सी व होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातींच्या निवडक वळूंचे वीर्य उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रात गोठवून ठेवले जाई. गाय माजावर आल्याचा निरोप मिळताच प्रशिक्षित कार्यकर्ता थेट शेतकऱ्याच्या दारी जाऊन कृत्रिम रेतन करी. जन्मलेली संकरित कालवड लवकर वयात येई आणि आईपेक्षा कितीतरी अधिक दूध देई. एकही वळू न पाळता अल्पभूधारकाच्या घरी रोजच्या दुधाचा पैसा येऊ लागला.

संकरित गाय नाजूक असते. ऊन, रोगराई आणि चाराटंचाई तिला सोसत नाही. म्हणूनच बाएफने रेतनाबरोबर लसीकरण, आरोग्यसेवा आणि सुबाभळीसारख्या चारावृक्षांची लागवड यांवरही भर दिला. देशी वंशाकडेही मणिभाईंनी पाठ फिरवली नाही. गीर गाईंचे संवर्धन उरुळीत चालूच राहिले.

भारत सरकारने १९६८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविले. १९८२ मध्ये लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना लाभला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था मात्र अनेक राज्यांत पसरली. कर्नाटकात, बंगळूरपासून फार दूर नसलेल्या तुमकूर जिल्ह्यातील तिपटूर येथेही तिचे केंद्र आहे. गांधीजींनी बंगळूरच्या दुग्धशाळेत ज्या विद्येचे धडे घेतले, तीच विद्या त्यांच्या शिष्याच्या संस्थेमार्फत या परिसरातील शेतकऱ्यांच्या दारी पोहोचली.